गिऱ्हाइकाच्या बाजूचा स्क्रीन

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. लोह्यात बसस्टँडच्या मागं माझं लग्नपत्रिकेचं दुकान आहे, आणि तिथं आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक एकदा तरी माझी बोलणी खाऊन गेलेलं आहे. बोलणी म्हणजे काय, तर "अहो मागं सरका", "स्क्रीनला बोट लावू नका", "मी टाईप करून राहिलो ना, मग दम धरा की जरा!" एवढंच. पण आवाज पहिल्यापासून मोठा. शेजारचा चहावाला म्हणतो, तुमच्या दुकानात लग्न ठरतंय का मोडतंय तेच बाहेरून कळत न्हाई.

बाहेरच्या माणसाला हे काम लई सोपं वाटतं. नावं द्यायची, टाईप करायची, छापायची. पण आमच्याकडं पत्रिका म्हणजे नुसतं निमंत्रण नसतं. आजोबा, चुलते, चुलत चुलते, मामा, आत्याचे यजमान, जावई, शेवटी समस्त गावकरी मंडळी, असा सगळा गोतावळा त्या एका कागदावर बसवावा लागतो. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाचं ठळक, कुणाच्या पुढं सरपंच लिहायचं आणि कुणाच्या पुढं माजी सरपंच, यावरून भाऊबंदकी पेटते. एखादा मामा खालच्या ओळीत गेला की तो लग्नाला येतो, पण जेवत न्हाई. म्हणून पत्रिका बघायला एकटा माणूस सहसा येत नाही. चार येतात, सहा येतात, आणि सगळे माझ्या खुर्चीमागं उभे राहतात.

मागं उभे राहतात, कारण स्क्रीन एकच आणि त्याचं तोंड माझ्याकडं. मग कुणाचं कोपर माझ्या खांद्यावर, कुणाचा तंबाखूचा वास माझ्या कानात. भज्याच्या तेलाचं बोट थेट स्क्रीनवर येतं, "हे बघा, हितं, हितं चुकलं." एकदा तर कहर झाला. पाच-सहा जण मागं दाटीवाटीनं उभे, त्यातला एक जाडजूड गडी माझ्या खुर्चीच्या पाठीवर रेलला. खुर्चीला चाकं. ती निघाली सुसाट, माझं कोपर कीबोर्डवर, आणि मामांची आख्खी फौज एका झटक्यात गायब. ती मी परत आणली, ते अवघड नव्हतं. पण त्याआधी मी जो आवाज लावला, तो बसस्टँडपर्यंत गेला असेल.

सगळे भिंतीला जाऊन चिकटले. त्यांच्यात एक म्हातारी आत्या होती, ती तेवढी घाबरली नाही. बाकड्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "आरं बाबा, कशाला वरडतूस? आमाला दिसंल आसं ठिव की तुजं ते टीव्हीचं. मग कोन कशाला उबं ऱ्हातंय तुज्या मागं?"

मी तिला काहीतरी उलटं बोललो. पण पुढचे चार दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं. इतकी वर्षं मी लोकांवर ओरडत होतो, आणि त्यांना बसल्या जागी दिसत नाही, एवढी साधी गोष्ट काही माझ्या ध्यानात आली नव्हती.

एका कोचिंग क्लासनं गाशा गुंडाळला, त्यांचा एक जुना स्क्रीन मला मिळाला. तो पोत्यात गुंडाळून आणला, कॉम्प्युटरच्या मागं बघतो तर काय, स्क्रीनची वायर खुपसायला तोंड एकच. ते माझ्या स्क्रीननं अडवलेलं. गेलो नांदेडला. कॉम्प्युटरच्या सामानाचा एक ओळखीचा दुकानदार आहे, माझ्याहून शांत माणूस. त्याला मशीनचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "भाऊ, तुमचं मशीन आता आजोबा झालंय. यात नवीन कार्ड बसत नाही. तुम्ही असं करा, यूएसबीचं डिस्प्ले अडॅप्टर न्या."

काडेपेटीएवढी एक काळी डबी त्यानं माझ्या हातावर ठेवली. एका बाजूला यूएसबीचं शेपूट, पेनड्राइव्हला असतं तसलं. दुसऱ्या बाजूला स्क्रीनची वायर बसेल असं तोंड. शेपूट कॉम्प्युटरला, तोंड स्क्रीनला, झालं. मी म्हटलं, एवढीशी डबी आख्खा स्क्रीन चालवणार? तो म्हणाला, "चालवते. फक्त आधी ड्रायव्हर टाका, आणि निळ्या तोंडातच खुपसा, काळ्यात नको."

मी हो म्हटलं आणि लोह्याला येईपर्यंत दोन्ही गोष्टी विसरलो.

डबी खुपसली काळ्या तोंडात. स्क्रीन ढिम्म. "नो सिग्नल" एवढंच इकडून तिकडं फिरतंय. वायर काढ, वायर घाल, डबीवर फुंकर मार, सगळं झालं. ड्रायव्हर म्हणजे त्या डबीचा कॉम्प्युटरशी बोलायचा दुभाषी, हे मला नंतर कळलं. तो एका छोट्या सीडीत दिलेला, आणि माझ्या मशीनचं सीडीचं कपाट केव्हाच जाम झालेलं. मोबाईलचं नेट जोडून तो उतरवून घेतला. मशीन बंद करून चालू केलं. दोन्ही स्क्रीन काळे झाले तेव्हा म्हटलं, घालवलं सगळं. मग दुसरा स्क्रीन उजळला. पण माऊस हलवला की बाण इतका मागून यायचा, जसा रुसलेला जावई. तेव्हा निळं तोंड आठवलं. निळ्यात घातल्यावर बाण सरळ चालायला लागला, आणि मी एकट्यानंच दुकानात टाळी वाजवली.

तो स्क्रीन काउंटरवर ठेवला, बाकड्याकडं तोंड करून. आता त्याची पाठ माझ्याकडं आणि तोंड गिऱ्हाइकाकडं. मोठा थाट वाटत होता.

पहिलं गिऱ्हाईक आलं वास्तुशांतीच्या पत्रिकेचं. निवृत्त झालेले मास्तर, स्वभावानं अगदी गरीब. मी इकडं टाईप करतोय आणि मधून मधून विचारतोय, "गुरुजी, दिसतंय ना समोर?" ते म्हणतात, "हाव, दिसतंय की." "बरोबर आहे ना?" "एकदम बरोबर." शेवटी म्हणाले, "छान झालंय. फक्त अक्षरं जरा मोठी घेतली तर बरं." मी अक्षरं मोठी केली. "आता?" "आता लई बेस."

छापायच्या आधी पाणी प्यायला उठलो, सहज त्यांच्या बाजूनं गेलो, आणि बघतो तर त्यांच्यासमोरच्या स्क्रीनवर हिरवा डोंगर, निळं आभाळ आणि एक ढग. पत्रिकेचा पत्ता नाही. मशीननं दुसऱ्या स्क्रीनला पहिल्याचं पुढचं अंगण समजून मोकळं सोडलं होतं. मी जे करत होतो ते फक्त मला दिसत होतं. मी कपाळाला हात लावला. "अहो गुरुजी, यात काहीच नाही की! तुम्ही हाव हाव काय म्हणून राहिले?"

मास्तर ओशाळून म्हणाले, "मला वाटलं, असंच असतं. तुम्ही एवढे कामात, मधी कशाला बोलावं."

तेव्हा मात्र मी ओरडलो नाही. हे माझ्या आवाजाचंच फळ होतं, ते मला समजलं. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही स्क्रीनवर एकच दिसेल असं करून घेतलं. मी इथं अक्षर मारलं की तिथंही तेच अक्षर उठायला लागलं.

त्यानंतर दुकानाची तऱ्हाच बदलली. लोक बाकड्यावर बसून पत्रिका वाचायला लागले. चुका आधी सापडायला लागल्या. जत्रेत चित्र बघावं तशी रस्त्यानं जाणारी माणसंही थांबून दुसऱ्याची पत्रिका वाचायची आणि "यांचा धाकटा भाऊ राहिला की वो" म्हणून सांगायची. भांडणं वाढली, हेही खरं. आधी भांडण छापून झाल्यावर घरी व्हायचं, ते आता माझ्या बाकड्यावर व्हायला लागलं. पण माझी मान मोकळी झाली, त्यामुळं मला कशाची फिकीर नव्हती.

मग एका दुपारी ते दोघं आले. लोह्याच्या पलीकडं दहा-बारा कोसांवरच्या एका खेड्यातले, दीर आणि भावजय. दीर पन्नाशीचा, पांढरा सदरा, टोपी, बोलण्यात अदब. लग्न त्याच्या पुतणीचं होतं, म्हणजे त्या बाईच्या मुलीचं. बाईचा नवरा मुलगी लहान असतानाच गेलेला. घर एकत्रच. बाई वयानं माझ्याएवढीच असेल, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. दीर काउंटरच्या आत येऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसला. मान असलेली माणसं अजूनही आतच येतात, त्यांना बाकड्यावर बसणं कमीपणाचं वाटतं. बाई बाकड्यावर बसली, त्या दुसऱ्या स्क्रीनच्या बरोबर समोर.

पत्रिका करायची आमच्याकडची रीत ठरलेली आहे. कुणी कोरा कागद घेऊन येत नाही. घरात आधी झालेल्या लग्नाची जुनी पत्रिका आणायची, तिच्यावर पेनानं जुनी नावं खोडायची आणि वर नवी लिहायची. यानंही तेच केलं होतं. त्याच्या स्वतःच्या थोरल्या मुलीची पत्रिका होती. मुलीचं नाव खोडून पुतणीचं लिहिलेलं. तो आणि त्याची बायको, श्री. व सौ., यांची नावं जागच्या जागी ठेवून पुढं "यांची पुतणी" केलेलं, आणि त्याखाली "कै." लिहून थोरल्या भावाचं नाव, "यांची कन्या". अक्षर नीटनेटकं. भावाचं नाव लिहिताना पेन दोनदा फिरवून ठळक केलं होतं.

मी ठरल्याप्रमाणं टाईप करत गेलो. कुलदैवत, मुलगी, मुलगा, त्याचं गाव, मुहूर्त, मंगल कार्यालय, मामा मंडळी, चुलते मंडळी, सगळं. तो शेजारून एकेक नाव बघत होता आणि मान हलवत होता. त्यानं एकही चूक काढली नाही, कारण मी केली नव्हती.

मध्येच माझी नजर स्क्रीनच्या वरून समोर गेली. ती बाई वाचत होती. चौथीपर्यंत शिकलेल्या बायका वाचतात तशी, एकेक अक्षर लावत, ओठ हलवत. स्क्रीनला हात लावायचा नाही हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. उजव्या हाताचं बोट हवेत धरून ती ओळीवरून फिरवत होती. बोट वरून खाली आलं, मामांच्या यादीतून, चुलत्यांच्या यादीतून, थेट गावकरी मंडळीपर्यंत. थांबलं. मग परत वर गेलं आणि परत पहिल्या ओळीपासून सुरू झालं. पुन्हा खाली. पुन्हा वर. तिसऱ्या वेळेला "कै."च्या ओळीपाशी ते बोट बराच वेळ थांबलं, आणि मग तिनं हात मांडीवर ठेवून दिला.

मी विचारलं, "ताई, बरोबर आहे ना सगळं?"

"हाव," ती म्हणाली. "लई छान झालं."

ती काय शोधत होती ते मला कळलं होतं. एवढ्या नावांत तिचं नाव कुठंच नव्हतं.

इथं मला माझं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढं मी जे केलं ते नुसता आगाऊपणा वाटेल. माझ्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा मी नुकताच टायपिंग शिकलो होतो. वडील गेलेले. तिची पत्रिका मीच केली, स्वतःच्या हातानं. चुलते म्हणाले, आईचं नाव नको घेऊस, शुभकार्यात बरं दिसत नाही. मी घेतलं नाही. मला ते खटकलंसुद्धा नाही, खोटं कशाला बोलू. पत्रिका छापून घरी नेल्या. आईला वाचता येत नाही. ती म्हणाली, वाच बरं सगळी. मी वाचायला लागलो, आणि वडिलांच्या नावापाशी आलो तेव्हा तिच्या तोंडाकडं बघितलं आणि माझी जीभ अडखळली. मग मी काय केलं, तर छापलेलंच नव्हतं ते वाचलं. तिचं नाव घेतलं, पुढं श्रीमती लावून, ऐटीत. आई एवढी हसली. तिनं त्या पत्रिकेला हळदीकुंकू लावलं आणि ती लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली. पुढं कितीतरी वर्षांनी आई लातूरला बहिणीकडं राहायला गेली, तेव्हा बहिणीच्या पोरीनं ती पेटीतून काढून वाचली आणि विचारलं, आजी, यात तुझं नाव कुठाय? आई मला फोनवर एवढंच म्हणाली, "तू तर वाचलं व्हतंस रे." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तर ती बाई "लई छान झालं" म्हणाली आणि मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. मी दिराकडं झुकून हळूच विचारलं, "मुलीच्या आईचं नाव राहिलं का?"

"राहिलं न्हाई," तोही हळू म्हणाला. "घ्यायचंच न्हाई."

"का बरं?"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमाला काय सांगायचं आता. वर कैलासवासी आलंय तेवढंच लोकाच्या डोळ्यात येतं. त्यात आणखी श्रीमती. नवरदेवाकडची मंडळी जुन्या वळणाची हाय. हळदीच्या आधी कुणी तोंड वाकडं केलं, तर पोरीच्या जिवाला घोर. माझ्या हातावर वाढलीय ती. सायकलीवर पुढं बसवून शाळंत नेलीय. तिच्या संसाराला कुणाची नजर नगं, बस्स. वहिनीला मी कधी उनं बोललो न्हाई, इचारा तिला."

आणि ते खरं होतं, त्याच्या बोलण्यावरूनच कळत होतं. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण हा तर जीव लावणारा माणूस होता, आणि जीव लावूनच त्यानं आईला पत्रिकेतून काढलं होतं.

आमच्या धंद्यात नियम एकच, आपण भलं आणि आपलं काम भलं. लोक सांगतील ते टाईप करायचं. आजवर कितीतरी पत्रिकांत अशा आया राहिल्या असतील, मी कधी मोजल्या नाहीत. पण त्या पत्रिका माझ्या स्क्रीनवर झाल्या, माझ्या आणि एखाद्या चुलत्याच्या मध्ये. ही बाई समोर बसून वाचत होती. हिला मी छापलेलं नसलेलं वाचून दाखवू शकत नव्हतो.

मी बाण नेला, तिच्या नवऱ्याच्या नावाखाली एक रिकामी ओळ केली आणि टाईप केलं, "श्रीमती". आणि तिथंच अडलो. कारण तिचं नाव मला माहीतच नव्हतं. त्या शब्दापुढं ती उभी रेघ नुसती लुकलुकत राहिली, इकडच्या स्क्रीनवर आणि तिकडच्याही.

दीर घाईनं कुजबुजला, "अहो काय करून राहिले? काढा, काढा ते. तिकडं दिसतंय की तिला!"

"दिसतंय तर," मी म्हटलं.

"मग काढा ना!"

तेव्हा माझा ताबा सुटला. आवाज मात्र मी दाबून धरला, कसा धरला ते माझं मला माहीत. कीबोर्ड उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला, टोपीच्या वर. "हे बटण," मी दाखवलं. "एकदा दाबलं की एक अक्षर जातं. गिऱ्हाईक तुम्ही हाय, पत्रिका तुमची हाय. तुम्ही काढा. मी न्हाई काढणार. पण त्या समोर बघून राहिल्यात, तेवढं ध्यानात ठेवा."

त्याचं तोंड लाल झालं. उठून गेला असता तर मी अडवू शकलो नसतो, लोह्यात पत्रिकेची दुकानं आणखीही आहेत. तो अर्धवट उठलाही. कीबोर्ड घसरायला लागला म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, आणि तसाच, वाकलेला, त्यानं स्क्रीनच्या वरून समोर बघितलं.

बाई त्याच्याकडं बघत नव्हती. ती त्या श्रीमतीकडं बघत होती आणि त्याच्यापुढच्या मोकळ्या जागेकडं. पदराचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं. तिला आमचं बोलणं ऐकू गेलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, काय लिवायचं राहिलं का तितं?"

दीर खाली बसला. त्याचं बोट मी दाखवलेल्या बटणावर होतं. बाहेर एसटीचा कंडक्टर कुणाला तरी ओरडत होता. मग त्यानं बोट उचललं, कीबोर्ड माझ्यासमोर परत ठेवला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला.

"काय?" मी विचारलं.

"नाव सांगितलं."

"ऐकू आलं नाही हो."

दिरानं भावजयीचं नाव घ्यायचं नसतं. वीस-बावीस वर्षं तो तिला वहिनीच म्हणत आला असणार. त्यानं घसा खाकरला, जमिनीकडं बघितलं आणि मोठ्यानं तिचं नाव सांगितलं. मी ते टाईप केलं. समोर बाकड्यावर ते अक्षर अक्षर उमटत गेलं आणि बाईचं बोट आपोआप वर आलं.

"बघा वहिनी," दीर म्हणाला. "बरोबर हाय का?"

तिनं नाव लावलं. एकदा, दोनदा. मी म्हटलं आता ही रडणार. पण ती रडली नाही. ती उठली, स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "नाव बरोबर हाय. जागा बरोबर न्हाई."

मी नाव तिच्या नवऱ्याच्या नावाखाली वेगळ्या ओळीत टाकलं होतं, जिथं मोकळी जागा मिळाली तिथं.

"खाली नगं," ती म्हणाली. "त्यायच्या शेजारी घ्या."

मी दिराकडं बघितलंसुद्धा नाही. नाव उचललं आणि वर नेलं. "कै." आणि भावाचं नाव, मग "व", मग "श्रीमती" आणि तिचं नाव, मग "यांची कन्या". ओळ लांब झाली, दोन्ही बाजूंची वेलबुट्टी थोडी आत घ्यावी लागली. ती घेतली.

"आता वाचून बघा, ताई," मी म्हटलं. "शांतपणानं, मोठ्यानं वाचा."

असं मी कुठल्याच गिऱ्हाइकाला म्हणत नाही. ती वाचायला लागली. कुलदैवताचं नाव वाचलं, लेकीचं वाचलं, ते वाचताना तिला जरा हसू आलं. दीर-जावेची नावं वाचली. मग "कैलासवासी" वाचलं आणि थांबली. मला आधी वाटलं अक्षर लागत नसेल. दिराच्या ध्यानात माझ्या आधी आलं. पुढं तिच्या नवऱ्याचं नाव होतं. तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेतात ते उखाण्यात, लग्नाकार्यात, चारचौघींनी आग्रह केल्यावर, आणि नवरा गेला की उखाणाही संपतो.

"राहू द्या वहिनी," दीर म्हणाला. "तेवढं सोडून पुढचं वाचा."

तिनं मान हलवली, नको म्हणून. बोट त्या नावावर तसंच होतं, आता तर स्क्रीनला टेकलेलं. मग तिनं ते नाव वाचलं. एकेक अक्षर लावत नाही, एकदम, मोठ्यानं, आणि त्याच दमात "व श्रीमती" म्हणून आपलं स्वतःचं नाव वाचलं.

दिरानं खिशातून दस्ती काढून डोळ्याला लावली. टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"छापा," तो म्हणाला.